गॉलवेला चौदा जणींची हेन पार्टी: आधी पैसे, मग शनिवारचं टेबल, मग बाकीचं

तुझा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं की तू डब्लिनला आयटीत आहेस, ऑफिसातल्या आयरिश मैत्रिणीचं सप्टेंबरच्या शेवटी लग्न आहे, तिची सख्खी बहीण ऑस्ट्रेलियात असल्यामुळे करवलीपण आणि त्यासोबत हेन पार्टी (लग्नाआधी नवरीची मैत्रिणींबरोबरची पार्टी) दोन्ही तुझ्या गळ्यात पडलंय, एकूण चौदा जणी, गॉलवेला दोन रात्री, माणशी 250 युरो, जुलैचा शेवटचा वीकएंड. तू स्वतः पीत नाहीस, शाकाहारी आहेस. शनिवारसाठी तीन ॲक्टिव्हिटी आणि रविवारी ॲरन बेटं (गॉलवेजवळच्या समुद्रातली) असं एक्सेल तयार आहे आणि तू विचारतेयस की यात अजून काय ॲड करू.

काहीच ॲड करू नकोस. उलट त्यातलं अर्धं काढून टाक.

मी गॉलवेत बारा वर्षं आहे, पहिली सहा वर्षं हॉटेलात ग्रुप बुकिंगच्या टेबलावर काढली आणि आता स्वतंत्रपणे ग्रुपचे वीकएंड लावून देते, त्यात निम्म्याहून जास्त हेनच असतात. (अगं-तुगं करतेय, चालेल ना, बोलण्यावरून तू लहानच वाटलीस.) इतक्या वर्षांत "ॲक्टिव्हिटी कमी पडल्या" म्हणून हेन बिघडलेली मी एकदाही बघितली नाही. बिघडते ती पैशावरून, झोपायच्या जागेवरून, नाहीतर शनिवारी रात्री आठ वाजता चौदा जणी पावसात उभ्या आणि कुठेच टेबल नाही यावरून. तुझा प्रश्न वरवर कार्यक्रमाचा आहे पण खरी अडचण वेगळीच आहे, एकमेकींना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या पगाराच्या चौदा बायका, त्यांचे पैसे तुझ्या हातात, आणि त्यातल्या निम्म्या तुला ग्रुपवरच पहिल्यांदा भेटतायत.

आधी तारीख. जुलैचा शेवटचा वीकएंड नको म्हणजे नकोच. जुलैच्या मध्यापासून दोन आठवडे इथे आर्ट्स फेस्टिव्हल असतो आणि बहुतेक वर्षी तू म्हणतेस तो त्याचा शेवटचा वीकएंड असतो, आणि तो संपतो न संपतो तोच सोमवारपासून बॅलिब्रिटला घोड्यांच्या शर्यती, सात दिवस. रेस वीक म्हणजे गॉलवेची आषाढी वारी समज, सगळा देश इथे लोटतो, फक्त टाळांच्या जागी टोप्या असतात. खोलीचे भाव त्या काळात असे चढतात की तुझे 250 नुसत्या झोपण्यात जातील. त्याला लागूनच ऑगस्टच्या पहिल्या सोमवारची बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, तीही टाळ. लग्न सप्टेंबरअखेर असेल तर ऑगस्टचा दुसरा-तिसरा वीकएंड बघ, किंवा सगळ्यांना जमत असेल तर जून, पण पहिल्या सोमवारची बँक हॉलिडे सोडून. मला स्वतःला जून आवडतो, रात्री दहाला सूर्य मावळतो आणि साडेदहापर्यंत बाहेर उजेड असतो, बायकांना परतताना बरं वाटतं. सप्टेंबर तसाही तुमच्या उपयोगाचा नाही, पण दुसरं कुणी हे वाचत असेल तर सांगते, त्याच्या शेवटच्या वीकएंडला ऑयस्टर फेस्टिव्हल असतो आणि परत तीच गर्दी.

आता पैसे. माझ्या अनुभवात ग्रुपवर "हो हो आय ॲम इन" म्हणणाऱ्या चौदा असतील तर प्रत्यक्ष येणाऱ्या अकरा-बारा असतात. हे वाईटपणाने नाही, कुणाचं बाळ आजारी पडतं, कुणाची शिफ्ट लागते, कुणाला मुळात परवडत नसतं पण ग्रुपवर तसं लिहायची लाज वाटते. तोवर सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिने उत्साहाच्या भरात स्वतःच्या कार्डवरून 1,900 युरोचं घर बुक केलं, रद्द केलं तर पैसे परत नाहीत असं, आणि नंतर तिघी गळल्या. उरलेल्यांनी जास्तीचे पैसे भरायला नाही म्हटलं नाही पण कुणी भरलेही नाहीत, आयरिश माणूस तोंडावर नाही म्हणत नाही गं, "आह शुअर, वी'ल सॉर्ट इट" म्हणतो आणि विषय तिथेच राहतो. तिने लग्नात फोटोला हसून उभं राहून घेतलं, पण त्या तिघींशी ती आजही बोलत नाही.

म्हणून माझा नियम असा, पैसे आले की माणूस मोजायचा. ग्रुपवर एकच मेसेज टाक: तारीख ही, शहर हे, नवरीचा वाटा धरून माणशी एकूण इतके, त्यात हे हे धरलंय आणि हे हे नाही, जागा पक्की करायला रविवार रात्रीपर्यंत 60 युरो रेव्होल्युटवर (पैसे पाठवायचं ॲप), ते परत मिळणार नाहीत, आणि कुणाला एकच रात्र किंवा फक्त शनिवारचं जेवण जमत असेल तर मला पर्सनलवर सांगा, अजिबात प्रॉब्लेम नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नकोस. ज्यांना दोन रात्री परवडत नाहीत त्यांना मान राखून आत यायचं दार तेच असतं. आणि हिशोबासाठी त्याच ॲपमध्ये वेगळा पॉकेट कर, स्वतःच्या पगाराच्या खात्यात मिसळू नकोस.

250 मध्ये बसतं का? मी अंदाज काढायला बसते तेव्हा ऑगस्टसाठी साधारण हे आकडे धरते: राहणं दोन रात्री माणशी 130, शनिवारची एक ॲक्टिव्हिटी 35, शनिवारचं सेट मेन्यू जेवण 45, नाश्त्याचं सामान आणि सजावट वगैरे 15. झाले 225. नवरी पैसे देत नाही, तिचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा असतो, म्हणजे 225 गुणिले 14 भागिले 13, साधारण 242. बसतं, पण काठोकाठ, आणि प्रवास आणि पिणं दोन्ही बाहेर ठेवून. हे दोन्ही बाहेर आहे असं मेसेजमध्ये स्पष्ट लिही, नाहीतर रविवारी ट्रेनमध्ये कुणीतरी विचारतंच की प्रोसेको (फेसाळ वाइन) कशात धरली होती. आकडे तारखेप्रमाणे वरखाली होतील, पण बेरीज करायची पद्धत हीच ठेव. यात दुसरी आणि तिसरी ॲक्टिव्हिटी कुठे बसवणार होतीस सांग बरं.

राहण्याचं. गॉलवे शहर म्हणून छोटं आहे हेच त्याचं भांडवल. आयर स्क्वेअरला स्टेशन, तिथून शॉप स्ट्रीटने खाली चालत आलं की की स्ट्रीट (लिहितात क्यू-यू-ए-वाय, म्हणतात "की", टॅक्सीवाल्याला क्वे सांगितलंस तर समजून घेईल पण हसेल), आणि तिथून पुढे नदी नि स्पॅनिश आर्च, रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटं. म्हणजे या पट्ट्याच्या आसपास राहिलीस तर टॅक्सी हा शब्द तुझ्या एक्सेलमधून निघून जातो. शहराबाहेर पाच-सहा किलोमीटरवर मोठी सुंदर घरं मिळतात, स्वस्त मिळतात, हॉट टबवाली मिळतात, आणि रात्री अडीचला तिथे कुणी नेत नाही. त्याचं कारण साधं आहे. साध्या पबला शुक्रवार-शनिवार साडेबारापर्यंत परवानगी, वर अर्धा तास ग्लास संपवायला, आणि लेट बार किंवा नाइटक्लबना खास परवानगीने अडीचपर्यंत. मग अडीचला सगळं शहर एकाच वेळी रस्त्यावर येतं, सगळ्यांना एकाच वेळी चिप्स आणि एकाच वेळी टॅक्सी हवी असते. त्या गर्दीत चौदा जणींना चार टॅक्सी लागतात. पहिली टॅक्सी मिळते. चौथी मिळेपर्यंत उजाडायला लागलेलं मी जूनमध्ये बघितलंय.

आणि बुक करण्याआधी घरमालकाला किंवा हॉटेलला "हेन पार्टी आहे" हे लेखी सांग. बरेच जण हेन आणि स्टॅग (नवऱ्या मुलाची तशीच पार्टी) घेत नाहीत, अटींमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि लपवून गेलात तर दारातच चौदा गुलाबी सॅश (खांद्यावरून तिरके घालायचे पट्टे) बघून तो ओळखणारच. सेंट्रल अपार्टमेंट न मिळाल्यास सरळ हॉटेलच्या खोल्या घे, दोघी-दोघी किंवा तिघी-तिघी, थोडं महाग पडेल पण रात्री घोरणाऱ्या आणि लवकर झोपणाऱ्या वेगळ्या करता येतात, नवरीची आई येणार असेल तर मी हॉटेलच सुचवते.

अपार्टमेंट घेतलंस तर खाटा मोजू नकोस, बाथरूम मोज. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. शनिवारी साडेपाच वाजता काय होतं ते डोळ्यासमोर आण: चौदा जणी, दोन बाथरूम, प्रत्येकीला वीस मिनिटं, झाले 140 मिनिटं, म्हणजे सातच्या टेबलला आठ. इथे बाथरूममध्ये आपल्यासारखे प्लग नसतात, त्यामुळे केस सरळ करायच्या चिमट्या बेडरूममध्ये, एका एक्स्टेन्शन बोर्डावर पाच, जमिनीवर मांडी घालून आरशाच्या तुकड्यासमोर तिघी, आणि मधेच कुणीतरी ओरडतं, "पाणी गार!" कारण इमर्शन चालू केलेलं नसतं. इमर्शन म्हणजे आपला गीझरच, पण टाकी कपाटात लपलेली असते आणि जुन्या स्विचवर "सिंक" आणि "बाथ" असे दोन पर्याय असतात. सिंकवर ठेवलं तर टाकीच्या वरचंच थोडं पाणी तापतं, दोन आंघोळींत संपतं. घरात शिरलीस की आधी ते कपाट शोध, शनिवारी दुपारी तीनलाच बाथवर कर. काही घरांत इलेक्ट्रिक शॉवर असतो, त्याला हे काही लागत नाही, छताला लटकणारी दोरी ओढायची एवढंच. आपल्याकडे लग्नघरात बंब पेटवायला एक काका नेमलेला असायचा, तसं इथे तू हो.

माझं सगळं प्लॅनिंग शनिवार संध्याकाळच्या टेबलापासून सुरू होतं आणि दोन्ही बाजूंना पसरतं. राहण्याची जागा पक्की झाली की त्याच दिवशी जेवणाचं टेबल, आणि ॲक्टिव्हिटी सगळ्यांत शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. ॲक्टिव्हिटी आयत्या वेळीही मिळते, पण चौदा जणींचं एकत्र टेबल ऑगस्टच्या शनिवारी गॉलवेत आयत्या वेळी मिळत नाही, इथली रेस्टॉरंटं जुन्या दगडी घरांत आहेत, एकेक खोली तुझ्या डब्लिनच्या हॉलएवढी. साडेसहा-सातचं टेबल घे, उशिराचं नको, एकतर पोटात काही जाऊन मग पिणं सुरू होतं, आणि दुसरं म्हणजे लवकरच्या बॅचला रेस्टॉरंटवाले खुशीने मोठा ग्रुप घेतात. ते सेट मेन्यू देतील आणि आधी ऑर्डर मागतील, गुगल फॉर्म करून सगळ्यांकडून भरून घे आणि प्रिंट घेऊन जा, कारण सात वाजता कुणालाच आपण काय मागवलं होतं ते आठवत नाही.

तुझ्या शाकाहाराचं: सेट मेन्यूतला शाकाहारी पर्याय म्हणजे दहातल्या आठ वेळा मशरूम रिसोटो नाहीतर गोट चीजचा टार्ट, आणि रिसोटो चिकन स्टॉकमध्ये असू शकतो, सूपही. "व्हेजिटेरियन" एवढं सांगून थांबू नकोस, स्टॉक कसला ते फोनवर विचार. रात्रीच्या चिप्सबद्दल पण, बऱ्याच ठिकाणी मासा आणि बटाटा एकाच तेलात तळतात, तुला चालत नसेल तर विचारून घे. नवरीसाठी धावताना स्वतः उपाशी राहणाऱ्या करवल्या मी खूप बघितल्यात, पिशवीत एक भडंगाचं पाकीट ठेव, खोटं नाही सांगत, रात्री दोनला तेच पाकीट चौदा जणी संपवतात.

आता ॲक्टिव्हिटी, एकच, शनिवारी दुपारी दोन-तीनच्या सुमारास, दीड-दोन तासांची. कॉकटेल बनवायचा क्लास सगळ्यात जास्त विकला जातो पण तुमच्यात न पिणारी तू आहेसच आणि चौदात एखादी गरोदर किंवा गोळ्या चालू असलेली असतेच, तिला बाजूला उभं राहून पुदिना कुटायला लावतात. मी असा मिश्र ग्रुप असला की आयरिश डान्सचा, म्हणजे केलीचा क्लास सुचवते. लाज सगळ्यांनाच सारखी वाटते त्यामुळे कुणी वेगळं पडत नाही आणि तासाभरात ज्या एकमेकींना ओळखत नव्हत्या त्या एकमेकींचे हात धरून फिरत असतात. एकदा आपल्याच एका मुलीची हेन लावली होती, नवरा इथला, मुलगी सांगलीकडची, तिची आई आणि मावशी लग्नासाठी आलेल्या. क्लासवाल्या बाईंनी हात एकमेकांत अडकवून गोल फिरायचं दाखवलं तशी मावशी मला म्हणाली, "अगं ही तर फुगडी!" आणि चपला काढून, पदर खोचून ती एका सहा फुटी आयरिश पोरीला घेऊन अशी फिरली की पोरगी शेवटी हात सोडून खाली बसली. मग पुढचा अर्धा तास क्लासचा ताबा मावशीकडे. झिम्मा, मग पिंगा. क्लासवाल्या बाईंनी सगळं मोबाईलवर घेतलं. हेन म्हणजे काय ते घरच्यांना समजावताना मी तेव्हापासून सांगते, केळवण अधिक मंगळागौर, वर थोडी दारू.

नवरीला सरप्राइज द्यायचं तेवढं दे, पण एक गोष्ट तिला आधी सरळ विचार: अर्धा उघडा वेटर, नग्न मॉडेलचं चित्र काढायचा क्लास, त्या विशिष्ट आकाराच्या स्ट्रॉ, हे चालेल का. काहींना फार मजा येते, काहींना रडू येतं, आणि सासूबाई समोर असतील तर मजा येणारीलाही रडू येतं. नवऱ्याचा व्हिडिओ घेऊन प्रश्नोत्तरं खेळायची पद्धत आहे, तो व्हिडिओ तू एकटीने आधी पूर्ण बघ. दोन्हीकडच्या आया आणि आजी बोलवायच्या असतील तर त्यांना शनिवारी डान्स आणि जेवण एवढ्यापुरतं बोलव. बहुतेक मॅमीज नऊ वाजता स्वतःहूनच "वुई'ल लीव्ह ये टू इट" म्हणून उठतात, आणि उठल्या नाहीत तर समज की त्या तुमच्या सगळ्यांपेक्षा उशिरा झोपणार.

जेवणानंतरचा पब. चौदा जणी शनिवारी नऊला कुठल्याही पबमध्ये आत शिरून बसू शकत नाहीत, बसायला जागाच नसते. मोठ्या पबमध्ये एक कोपरा राखून देतात, बहुतेक वेळा खाण्याच्या एक-दोन प्लेट घ्यायच्या अटीवर, तो फोन करून मिळव. टी नॉक्टन किंवा टिग कोलीसारख्या छोट्या जुन्या पबांत चौदाचा घोळका, सॅश आणि फुगे घेऊन घुसू नका, तिथे लोक संगीत ऐकायला येतात. ट्रॅड सेशन म्हणजे स्टेजवरचा कार्यक्रम नाही, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल (व्हायोलिन), बासरी, बौरॉन (डफासारखं वाद्य) घेऊन बसलेली माणसं आपसात वाजवत असतात, त्यांच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी त्या रिकाम्या नसतात. शुक्रवारी संध्याकाळी ज्या लवकर पोचतील त्या तिघी-चौघींनी, सॅशशिवाय, तिथे जावं, खरं गॉलवे तेव्हा दिसतं. काही ठिकाणी दारावरचे लोक हेन म्हटलं की आत सोडतच नाहीत, वाद घालू नकोस, पुढचं दार दहा पावलांवर आहे. सगळ्यांनी फोटो असलेलं ओळखपत्र बाळगायचं, तीस वर्षांच्या बाईलाही विचारतात, आणि आपल्या चेहऱ्यावरून वय त्यांना अजिबात कळत नाही.

राउंडचं तुला माहीत असेलच पण तरी. इथे प्रत्येकजण आळीपाळीने सगळ्यांसाठी घेतो, आणि आपली पाळी यायच्या आत घरी जाणारा माणूस आयुष्यभर लक्षात राहतो. चौदा जणींचा एक राउंड म्हणजे एकीचा बळीच. पहिल्याच पबमध्ये तू जाहीर करून टाक, चार-चारचे गट, ज्यांनी त्यांनी आपापलं बघायचं. आणि तू स्वतः सुरुवातीलाच सांग की मी राउंडमध्ये नाही, मी माझं मिनरल घेते (इथे मिनरल म्हणजे सेव्हन अप, कोक वगैरे). कुणी वाईट वाटून घेत नाही. बारमध्ये झिरो-झिरो गिनेस, म्हणजे बिनअल्कोहोलची काळी बिअर, मिळते, पण काळा ग्लास हातात धरून पिण्याचं सोंग करायची काही गरज नाही. उलट न पिणारी एक बाई ग्रुपमध्ये असणं हे सोनं आहे, फक्त रात्रभर सगळ्यांच्या पर्स सांभाळणारी बाई होऊ नकोस. ते काम वाटून दे, दर तासाला एकीने नवरीवर लक्ष ठेवायचं.

आत्तापर्यंतचं थोडक्यात: तारीख बदल, 60 युरो आल्याशिवाय काही बुक करू नकोस, चालत जाता येईल अशी जागा, मग सातचं टेबल, मग एक ॲक्टिव्हिटी. शुक्रवार रिकामा ठेव, लोक सहा ते अकरा कधीही उगवतात, घरी पिझ्झा मागव. वाइन-बिअर दुकानातून घेणार असाल तर रात्री दहाच्या आत, त्यानंतर दुकानात बाटल्यांच्या भागाला पडदा लावतात आणि कितीही गयावया केली तरी देत नाहीत.

प्रवासाला डब्लिनहून ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेन, अडीच तासांच्या आसपास, सीट राखून ठेवता येतात आणि सीटच्या वर बारीक पट्टीवर नाव येतं, नवरीच्या सीटला काय नाव द्यायचं ते तू ठरव. काही गाड्यांत दारू चालत नाही, आधी बघ. डब्लिन विमानतळावरून थेट येणाऱ्यांना गोबस किंवा सिटीलिंकची बस बरी, डब्लिन शहरात आत यायची गरजच नाही. गॉलवेला स्वतःचं चालू विमानतळ नाही, जवळचे म्हणजे शॅनन आणि नॉक, दोन्ही साधारण ऐंशी-नव्वद किलोमीटर.

यातच एक आपल्या लोकांसाठी. तू लिहिलंयस की तुझी एक मैत्रीण लंडनहून येणार आहे. तिचा पासपोर्ट भारतीय असेल आणि ब्रिटनचा वर्क व्हिसा असेल तर तिला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो, ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना जशी मुभा आहे तशी ती तिला नाही. तिला आजच सांग, हे दोन आठवड्यांत उरकायचं काम नाही. आणि ग्रुपमध्ये कुणी ऐनवेळी "गॉलवे महाग आहे, बेलफास्ट करू" म्हटलं तर लक्षात ठेव, तुझ्या आयरिश परमिटवर बेलफास्ट चालत नाही, ते यूके आहे. बसमध्ये कुणी तपासत नाही असं लोक सांगतील. सांगू देत, ते आयरिश पासपोर्टवाले असतात.

कपड्यांबद्दल एवढंच, गॉलवेचा पाऊस वरून येत नाही, समुद्राकडून आडवा येतो, छत्री दोन मिनिटांत उलटी. हुडी असलेलं जाकीट. आणि की स्ट्रीटचा दगडी रस्ता उंच टाचांना खातो, प्रत्येकीने पिशवीत चपटे बूट टाकावेत. विसरलीच कुणी तर आयर स्क्वेअरच्या शॉपिंग सेंटरमध्ये पेनीज हे कपडे-बुटांचं स्वस्त दुकान आहे.

रविवारची ॲरन बेटं मात्र पूर्ण काढ. बेटं सुंदर आहेत, आयुष्यात एकदा जाच, पण रोसाव्हीलपर्यंत बस, मग चाळीस मिनिटं बोट, अटलांटिक समुद्र, आणि आदल्या रात्री अडीचला झोपलेल्या चौदा बायका. मी एकदा पाठवल्या होत्या, सुरुवातीच्या काळात, ग्रुपचाच हट्ट होता. बोट बंदराबाहेर पडल्यावर पहिल्या लाटेला सगळ्यांची बडबड बंद झाली आणि इनिश मोरला उतरल्यावर चौघी धक्क्यावरच बसून राहिल्या, सायकली भाड्याने घेतलेल्या तशाच उभ्या. मोहरचे कडेही तसेच, अख्खा दिवस बसमध्ये जातो.

त्याऐवजी रविवारी दहा-अकराला उठा, घरीच ब्रेकफास्ट, ज्यांना उठवत नाही त्यांना झोपू दे, आणि उरलेल्यांनी सॉल्टहिलच्या प्रॉमवर (समुद्रकाठचा फिरायचा रस्ता) चालत जायचं, स्पॅनिश आर्चपासून अर्धा-पाऊण तास, क्लाडावरून, डाव्या हाताला खाडी. प्रॉमच्या टोकाला पोचल्यावर भिंतीला लाथ मारून परत फिरायचं, ही इथली रीत आहे, का ते कुणाला विचारू नकोस, प्रत्येकजण वेगळं सांगतो. तिथे ब्लॅकरॉकचा उडी मारायचा मनोरा आहे, ऑगस्टमध्येही पाणी पंधरा-सोळा अंशांच्या फारसं पुढे जात नाही, पण नवरी आयरिश असेल तर ती उडी मारणारच, टॉवेल घेऊन जा. दुपारची ट्रेन पकडा, शेवटची नको.

तारीख बदलून ग्रुपला मेसेज टाकलास की रविवारी रात्री किती जणींचे पैसे आले ते इथेच लिही, मग त्या आकड्यावर टेबल कुठे मागायचं ते सांगते. आणि घर सोडताना इमर्शन बंद केलंस का ते परत वर जाऊन बघ, नाहीतर नवरी ट्रेन अॅथलोनला पोचेपर्यंत तेच विचारत राहील.